मांडवात हसायचं नाही

हे कुणाला पटायचं नाही, पण दत्तात्रेय थळेने एकदा मेलेल्या माणसाला हसवलं होतं.

गोष्ट नागावची. एका वाडीत हळद होती आणि शेजारच्याच ओटीवर दुपारी एक म्हातारा गेलेला. दोन्ही घरं समजूतदार. हळदवाल्यांनी बँजो थांबवला. मयतवाल्यांनी उलट निरोप धाडला की मुलगा बोरिवलीहून यायचाय, तोवर आम्हाला बसूनच राहायचं आहे, तुम्ही तुमचं आटपा, फक्त गाणी नकोत. गाणी नकोत तर पाहुण्यांनी करायचं काय, म्हणून दत्ताला माईकवर उभा केला. दत्ताने टॉवेलचा पदर डोक्यावर घेतला, एक हात कानावर ठेवला आणि ठमी आत्याचा धवला धरला. मांडव लोळायला लागला. पलीकडच्या ओटीवर रडणाऱ्या बायकांनी तोंडात पदर कोंबले. आणि म्हाताऱ्याचं तोंड, हनुवटीला फडकं बांधलेलं असताना, हळूहळू उघडलं. पार दाढा दिसेपर्यंत. डॉक्टरने नंतर मढं ताठण्याचं काहीतरी शास्त्र सांगितलं, पण डॉक्टर बाहेरगावचा. नागावात अजून सांगतात की म्हातारा हसला, आणि जन्मात पहिल्यांदाच हसला, कारण जिवंतपणी तो ग्रामपंचायतीत पाणीपट्टी गोळा करायचा.

दत्ता स्वतः हे मुलाखतीत सांगायचा तेव्हा म्हातारा उठून बसायचा. एवढं मात्र खोटं.

धवला म्हणजे काय ते ज्याला ठाऊक नाही त्याने नीट ऐकावं, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. आगरी घरातलं लग्न भटजीने लावलं तरी जुनी माणसं ते लागलं असं धरत नाहीत. धवलारीण यावी लागते. ती गाणारी बाई. मांडवाला उंबराची फांदी बांधण्यापासून नवरी दाराबाहेर पडेपर्यंत प्रत्येक कामाला तिचं गाणं असतं, आणि ते कुठे लिहिलेलं नसतं. त्यातलं एक आवतणाचं. दिवा पुढ्यात ठेवून ती आधी गावच्या देवांना बोलावते, मग खाडीला बोलावते, आणि मग त्या घरातल्या मेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलावते. या, चटईवर बसा, पोरीला हळद लागतेय. नाव निघालं की घरची माणसं खाली बघतात. कुणी नाक ओढतं.

मांडव्याच्या धक्क्यापासून रेवसपर्यंत जेवढी आगऱ्यांची गावं, तेवढ्या गावांचे मेलेले ठमीला तोंडपाठ होते. ती दत्ताची सख्खी आत्या. मूलबाळ नाही, नवरा लवकर गेला, खाडीच्या अंगाला दोन खोल्या आणि पांढऱ्या कांद्याच्या शेताचा एक तुकडा. आवाज जाडसर. दमा होता, म्हणून ओळीच्या शेवटी श्वास अडकायचा आणि सुटताना बारीक शिट्टी वाजायची. आणि तिची एक सवय होती. मेलेल्याचं नाव घेतलं की ती चटईवर जराशी सरकून बसायची. आलेल्याला जागा करून द्यायला. कुणी तिला हे शिकवलेलं नव्हतं. दारात माणूस आला की आपण सरकतो, तशी ती सरकायची.

दत्ताने हे लहानपणी शंभरदा पाहिलं असेल. त्याला नक्कल यायची. शाळेत मास्तरांची, बाजारात मासळीवालीची, एसटीच्या कंडक्टरची. गणराजच्या बँजो पार्टीत तो गाण्यांच्या मध्ये माईकवर बोलायचा. एका हळदीला वादकांच्या गाडीचा टायर फुटला, ते यायला वेळ लागला, आणि दत्ताच्या जवळचं सगळं संपलं. मग त्याने आत्या काढली. कानावरचा हात त्याचा स्वतःचा, ठमी कधी कानाला हात लावायची नाही. शिट्टी मात्र तिची, आणि सरकणंही तिचं. एकेक मेलेला यायचा, तक्रार करायचा, आणि दत्ता सरकायचा. आजोबा म्हणायचा, माझं धोतर कुठाय. चुलती म्हणायची, माझ्या पाटल्या कुणाच्या हातात दिसतायत. सरकता सरकता दत्ता स्टेजच्या काठावर आला आणि धाडकन खाली पडला. त्या दिवशी लोक जेवायचं विसरले. मटण उरलं. आगऱ्यांच्या हळदीत मटण उरलं, यावरून काय ते समजा.

नकलेत बाप नंतर आला. हिराजी थळे, मिठागरावर काम करायचा, आणि पहाटे पिऊन परत येताना बांधावरून मिठागराच्या पाण्यात पालथा पडला तो तसाच सापडला. ठमीचा पाठचा भाऊ. प्रत्येक आवतणात त्या त्या घरचे मेलेले बोलावून झाले की ती शेवटी हळूच स्वतःच्या भावाचं नाव घ्यायची. धवलारणीला तेवढी मुभा असते. दत्ताच्या मनात बापाला स्टेजवर आणायचं नव्हतं. पण थळ गावच्या एका कार्यक्रमात लोक गार बसलेले, समोरून कुणी जांभई दिली, आणि त्याच्या तोंडातून निघून गेलं, "हिराजी आयला गो. काय बोलतंय? कोंबरी हाय का? न्हाय? मंग बाटली तरी?"

एवढं मोठं हसू त्याने तोपर्यंत ऐकलं नव्हतं. त्या रात्री झोपताना त्याला जरा कसंतरी झालं. दुसऱ्या कार्यक्रमात त्याने ती ओळ गाळली तर मागून माणसं ओरडली, हिराजी राहिला. मग हिराजी कायमचा आला.

पुढचं मोबाइलने केलं. कुणीतरी चित्रण करून टाकलं आणि दत्ता थळेची आत्या पेणपासून दुबईपर्यंत पोचली. मुंबईहून एक निर्माता गाडी घेऊन आला. पहिल्या सिनेमात दत्ता आत्या झाला, दुसऱ्यात आत्या झाला, तिसऱ्यात दोन आत्या झाला. मांडव्याहून तो बोटीने शूटिंगला जायचा, तेव्हा सगळे उतारू त्याच्या बाजूच्या कठड्याला यायचे आणि बोट कलायची. खलाशी त्याला हात जोडायचे की दादूस, बरोबर मधोमध बसा. एकदा समुद्र जरा खवळलेला असताना कप्तानाने त्याला अर्ध्या प्रवासात उजवीकडे आणि अर्ध्यात डावीकडे बसवलं आणि बोट सुखरूप गेटवेला लावली.

ठमीचं काय झालं ते दत्ताला बायकोकडून कळलं. कल्पिता शेजारच्या गावात एका लग्नाला गेली होती. ठमीने आवतण धरलं, पहिलं नाव घेतलं, जराशी सरकली, आणि पोरं खिदळली. मग सुना हसल्या. मग ज्यांची आई गेल्या पावसात वारली होती तीही माणसं हसली. ठमी थांबली, पाणी मागितलं, प्यायली आणि गाणं पुरं केलं. त्यानंतरच्या लग्नात यजमानाने तिला आधीच सांगितलं, आजी, ते सरकायचं जरा जास्त करा, पाहुण्यांना तेच बघायचंय. ती पायात चपला घालून निघून आली. पुन्हा कुणाच्या मांडवात गेली नाही.

"तू जाऊन बोल तिच्याशी," कल्पिता म्हणाली.

"शेड्यूल संपलं की जातो."

शेड्यूल संपलं, मग दुसरं लागलं. दत्ता गेला नाही. सणाला साडी पाठवत राहिला.

त्याला दुसरंच एक दुखणं लागलं होतं. त्याला साडीतली आत्या सोडून काहीतरी करायचं होतं. पुण्याच्या एका तरुण दिग्दर्शकाने त्याला मिठागर हातचं गेलेल्या माणसाचं काम दिलं. विनोद एकही नाही. दत्ताने त्यासाठी दाढी वाढवली, जेवण तोडलं, आणि बायकोच्या मढ्याशेजारी बसून रडायचा प्रसंग असा केला की कॅमेरावाला डोळे पुसत होता. सिनेमा अलिबागला लागला तेव्हा दत्ता आणि कल्पिता शेवटच्या रांगेत जाऊन बसले. पडद्यावर दत्ताने बायकोच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि तिच्या शेजारी खाली बसला. त्याचे ओठ थरथरायला लागले. पुढच्या रांगेतून एक आवाज आला, "आता सरकेल बघ."

सगळं थेटर फुटलं.

त्यानंतर साडीचीही कामं कमी झाली. लोकांना ती आत्या पाठ झाली होती, आणि पाठ झालेल्या गोष्टीला कोण तिकीट काढतं. आता त्याला फिती कापायला बोलावतात. नागावात कुणी नवीन होमस्टे काढला, कुणी पाण्यातल्या स्कूटर आणल्या, की दत्ता थळे जाकीट घालून जातो, कात्री हातात घेतो, आणि फीत कापायच्या आधी त्याला सांगतात, सर, एकदा सरकून दाखवा.

अशात मुलीचं लग्न ठरलं. प्राप्ती पेणला शाळेत शिकवते. नवरा मुलगा प्रणय, त्यांच्या घरचे ट्रक आहेत. सगळं ठरलं, हॉल नको, गावातच मांडव घालू असंही ठरलं, आणि मग पोरगी म्हणाली, "ठमी आजीने धवला गायला पाहिजे. नाहीतर मला हळद लावू नका."

"अगं, ती आता गात नाही."

"का गात नाही ते तुम्हाला माहीत आहे ना बाबा? मग तुम्हीच जा."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. शाळेत मुलाला फळा पुसायला सांगावं तसं तिने सांगितलं. दत्ता रात्रभर कूस बदलत राहिला. त्याला एकदा, आयुष्यात एकदाच, तो धवला खरा ऐकायचा होता. आपल्या घरात, आपल्या मुलीसाठी, बापाचं नाव घेतल्यावर माणसं खाली बघतात असा. तो जमला तर आपण काही मोडलं नाही असं म्हणता येईल, असं त्याने मनाशी धरलं.

ठमी दारात बसून कांद्याची माळ विणत होती. पांढरे कांदे पातीसकट एकात एक गुंफत होती. तिने वर बघितलं नाही.

"आयलास? चपला भायेर काढ. कांदं सुकत घातलंय."

"आत्या, प्राप्तीचं लगीन ठरलं."

"ठावं हाय. तुजी बायको सांगून गेली."

"तू धवला गायला पाहिजेस."

"मी कनाला? तू हायेस ना. तुला सगला येतंय."

"आत्या, मी चेष्टा नाही करत."

"मना कसा कलनार? चेष्टा करत नसलास की तू कसा दिसतंस, ता मी बगलाच न्हाय कंदी."

दत्ता खाली वाकला. "पाया पडतो तुझ्या."

"पर. पन बाजूला पर, खाली कांदं हाईत."

तो खरंच बाजूला झाला आणि पाया पडला. म्हातारीचे हात थांबले. तिने त्याच्या डोक्याकडे बराच वेळ पाहिलं. टक्कल पडायला लागलं होतं, हिराजीला पडलं होतं तिथेच.

"पोरीनी सांगितला का तुला याला?"

"हो."

"मंग येन मी. पोरीसाठी. पन मांडवात कोनी हसाचा न्हाय. एक मानूस बी न्हाय. तुना लोकांना हसवाचा धंदा केला, आता एक दिवस गप बसव त्यांना. झेपल?"

"झेपेल."

"बग," ठमी म्हणाली आणि पुढचा कांदा घेतला.

दुसऱ्या दिवसापासून दत्ता घरोघर फिरला. पत्रिका हातात आणि तोंड सुतकी. पहिला गेला गणराजकडे, ज्याच्या बँजो पार्टीत त्याची सुरुवात झाली होती.

"गण्या, प्राप्तीच्या हळदीला ये. आत्या गाणार आहे. पण हसायचं नाही."

गणराजने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग मांडीवर थाप मारली आणि असा हसला की त्याला खोकला लागला. "दादूस, तुला सुचतंय तरी कसा रं."

"मी खरंच सांगतोय."

"हां, यो तोंड. यो तोंड असाच ठेव हळदीपर्यंत."

नीराबाई म्हणून शेजारीण, वयाने मोठी, देवभोळी. तिने मान डोलावून शब्द दिला की माझ्या घरचं कुणी हसणार नाही. दत्ता तिची पायरी उतरला आणि मागून सासू-सुनांचं हसणं कानावर आलं. तलाठी हसला. दूधवाला हसला. देवळातला गुरव आरती करता करता हसला. दत्ताने एकाची कॉलर धरली तर तो म्हणाला, सोडा ना दादूस, पोटात दुखतंय. जो माणूस तीस वर्षं हसवत आला तो दारात उभा राहून हसू नका म्हणतो, यापेक्षा मोठा विनोद त्या गावात कधी झाला नव्हता.

फेरी संपली तेव्हा खाडीच्या दोन्ही काठांना बातमी पोचली होती की दत्ता थळेने नवीन आयटम काढलाय, त्याचं नाव 'हसायचं नाही', पहिला प्रयोग मुलीच्या हळदीला, आणि त्यात खरी आत्या येणार. ज्यांना आमंत्रण नव्हतं त्यांनी ते मागून घेतलं. लांबच्या तळा गावाहून एक टेम्पो भरून माणसं आली, त्यातल्या कुणाचंही थळ्यांशी नातं नव्हतं.

हळदीच्या दिवशी दुपार कलली आणि मांडव भरला. पाय ठेवायला जागा नाही. कठड्यावर पोरं, माडांच्या बुंध्याला टेकून माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. दत्ताने ते मोबाइल पाहिले आणि माईक घेतला.

"मंडळी, आत्या आता आवतण गाणार आहे. माझी हात जोडून विनंती आहे..."

मांडव गडगडला. दत्ताने माईक खाली ठेवला.

ठमीने हिरवं लुगडं नेसलं होतं. ती आली, कुणाकडे न बघता चटईवर बसली, दिव्याची वात पुढे केली. पाटावर प्राप्ती, गालांना हळद लागलेली. ठमीने तिच्या गुडघ्यावर एकदा हात ठेवला आणि सुरू केलं.

आवाज थकलेला होता, पण तोच होता. तिने गावदेवीला बोलावलं. मांडव चिडीचूप. तिने खाडीला बोलावलं, भरतीच्या पाण्याने ये, ओहोटीच्या पाण्याने जा, मधल्या वेळात माझ्या पोरीपाशी बस. एक हूं नाही की चूं नाही. जमलं, असं दत्ताला वाटलं. त्याच्या हे ध्यानात आलं नाही की लोक ऐकत नव्हते, वाट बघत होते.

मग ठमीने त्याच्या आजोबांचं नाव घेतलं. ओळीच्या शेवटी श्वास अडकला, शिट्टी वाजली. आणि ती जराशी सरकली.

"सरकली," मागून कुणीतरी म्हणालं.

एक हसू फुटलं. दत्ता वळला आणि त्याने डोळे वटारले. तेच डोळे त्याच्या तिसऱ्या सिनेमाच्या पोस्टरवर होते. मागची सगळी रांग कोसळली. त्याने हात जोडले तर पुढची कोसळली. तो ओठांवर बोट ठेवून रांगारांगांतून फिरायला लागला, आणि जिथे जाईल तिथे माणसं पोट धरून बसत गेली. कुणी रडत होतं, पण ते हसून.

ठमी थांबली होती. तिने पाणी मागितलं नाही. ती मांडवाकडे बघत बसली, आणि हसू ओसरायची वाट पाहिली. स्टेजवर दत्ता जेवढी वाट बघतो, बरोबर तेवढीच पाहिली. मग तिने उजवा हात उचलला आणि कानावर ठेवला.

दत्ता जागच्या जागी उभा राहिला.

तिने त्याची नक्कल केली. त्याच्या सुरात, त्याच्या लांबवलेल्या शब्दांनी, त्याने घातलेल्या सगळ्या तक्रारींसकट. धोतर आलं, पाटल्या आल्या. प्रत्येक नावाला ती सरकली, आणि जराशी नाही, त्याच्यासारखी, वीतभर. चटई संपली तशी जमिनीवर सरकली. हिरवं लुगडं शेणाने सारवलेल्या भुईवर घासत गेलं. लोकांना श्वास घेता येईना. आणि मग तिने मान वळवून मांडवाच्या दाराकडे पाहिलं.

"हिराजी आयला गो," ठमी म्हणाली. "काय बोलतंय? कोंबरी हाय का? न्हाय?" तिने श्वास धरला. शिट्टी वाजू दिली. "मंग बाटली तरी?"

दत्ता ती ओळ हजारदा बोलला असेल. त्याची कधी एवढी चांगली झाली नव्हती. तो धरलेला श्वास त्याला कधीच सुचला नव्हता. धंद्यातल्या माणसाला चांगली वस्तू दिसली की हात आपोआप पुढे होतो, तसं काहीतरी त्याच्या तोंडाचं झालं.

तो हसला. मोठ्याने नाही, पण हसला.

पाटावरून प्राप्तीने ते पाहिलं. ठमीनेही पाहिलं. तिने कानावरचा हात काढला, गुडघ्यावर भार देऊन उठली, लुगड्याची माती झटकली आणि दिवा उचलून कल्पिताच्या हातात दिला.

"घे. झाला."

"आत्या, उद्याचं पाठवणीचं गाणं राहिलं," कल्पिता म्हणाली.

"ता या दत्ताला येत नसंल. याला फकस्त आवतान येतंय." आणि ती माणसांतून वाट काढत गेली. माणसं तिला टाळ्या वाजवत बाजूला होत होती, आणि कुणी तिच्या खांद्याला हात लावून म्हणत होतं, आजी, तुम्ही तर दत्तापेक्षा भारी.

लग्न भटजीने लावलं. प्राप्ती दारातून गेली तेव्हा बँजो वाजत होता.

ते चित्रण किती लोकांनी पाहिलं ते सांगत नाही, कारण तो आकडा रायगड जिल्ह्यात मावत नाही. ज्या निर्मात्याने दोन वर्षं दत्ताचा फोन उचलला नव्हता त्याने स्वतः केला. आत्या आणि भाचा, दोघांचा सिनेमा. वाहिन्यांवर मुलाखती. अलिबागच्या एका मंडळाने ठरवलं की दोघांचा जाहीर सत्कार करायचा. दत्ताला वाटलं होतं, ठमी येणार नाही. पण प्राप्ती तिला घ्यायला गेली तेव्हा ती तयार होऊन दारात बसली होती.

"बोलाला सांगू नका पन," एवढंच म्हणाली.

सभागृह भरलं होतं. ठमी पहिल्या रांगेत, मांडीवर शाल आणि नारळ, शेजारी प्राप्ती. स्टेजवर दत्ता, आणि प्रणाली नावाची निवेदिका, गोड आवाजाची. सिनेमांच्या गमती झाल्या, नागावचा मेलेला म्हातारा उठून बसला, सगळं झालं. मग प्रणालीने आवाज खाली आणला.

"दत्तात्रेय सर, त्या हळदीच्या दिवशी, सगळं झाल्यावर, आत्यांनी तुम्हाला काय सांगितलं?"

दत्ताने माईक दोन्ही हातांत धरला. सांगण्यासारखं काही नव्हतं. त्या दिवसानंतर ठमी त्याच्याशी एक शब्दही बोलली नव्हती. पण समोर एवढी माणसं गप्प बसली होती, आणि अशी गप्प माणसं त्याला कुठल्याच थेटरात मिळाली नव्हती.

"सगळे पाहुणे गेले," तो म्हणाला. "मी मांडवात एकटाच बसलो होतो. मला वाटत होतं की मी तिचा धवला मोडला. पाप केलं मी. तेवढ्यात मागून आत्या आली. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला." त्याचा आवाज चिरला. हे काही त्याने ठरवून केलं नाही. "म्हणाली, दत्ता, रडू नको. माझा धवला गावाबाहेर कुणाला ठावं नव्हता, तो तू जगाला ऐकवलास. हिराजी असता तर तोही हसला असता. माझ्या मागं तूच गा."

त्याच्या गालावरून पाणी ओघळलं. दिव्यांच्या उजेडात ते मागच्या रांगेपर्यंत दिसलं असेल. आणि कुणी हसलं नाही. एका बाजूला एक बाई नाक ओढत होती. प्रणालीने डोळ्याला रुमाल लावला. माणसं खाली बघत होती, खऱ्या आवतणात माणसं खाली बघायची तशी. दत्ता तसाच उभा राहिला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं की आता आपण काहीही बोललो तरी लोक ते खरं मानतील.

"मी असा काय बोलले न्हाय."

माईक नव्हता, पण धवलारणीच्या गळ्याला तो लागत नाही. सभागृहात क्षणभर कुणाला कळेना, मग कळलं, आणि एका दमात सगळं सभागृह हसायला लागलं. हा तर त्या दोघांचा नवा भाग. टाळ्या पडल्या, कुणी शिट्टी मारली. दत्ता सवयीने थांबला, हसू ओसरायची वाट बघत. ठमीही थांबली. दोघं एकमेकांकडे बघत त्या हसण्याच्या दोन्ही बाजूंना थांबून राहिले, आणि शेवटची टाळी विरली तेव्हा म्हातारी मांडीवरची शाल खुर्चीवर ठेवून उभी राहिली.

"खोटा बोलतंस, दत्ता."